नवव्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी वाचा

आत्महत्या प्रतिबंधाच्या संशोधनात येणाऱ्यांना आधी हेच सांगते: पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीची नुसती बेरीज करून थांबू नका. मी थांबले होते.

आमच्या अभ्यासात किशोरांपासून सत्तरीपुढच्यांपर्यंत सगळ्यांना तीच प्रश्नावली होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तरच समुपदेशकाकडे पाठवायचं, असा आमचा नियम. एका आजींची बेरीज ७ आली. मी फॉर्म गठ्ठ्यात ठेवून दिला. अकरा दिवसांनी डेटा एन्ट्री करताना दिसलं, त्या सातांतले तीन नवव्या प्रश्नाचे होते. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार जवळजवळ रोज. फोन लावताना हात कापत होते. आजींनीच उचलला. त्या सुखरूप होत्या, पण त्यात माझं काही श्रेय नव्हतं.

बेरजेतून नैराश्याची तीव्रता कळते, जिवाचा धोका कळत नाही. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर असेल, तर बेरीज कितीही असो, माणूस समोर असतानाच बोला. त्या एका प्रश्नात मरणाचा विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार एकत्र आहेत. ऐंशीच्या माणसाचं 'आता पुरे झालं' म्हणजे मरणाचा शांत स्वीकार असेल किंवा ठरवलेला बेतही असेल. सोळा वर्षांच्या मुलाचा '१' सुद्धा तसाच उलगडून घ्यावा लागतो. वयावरून अंदाज बांधू नका. "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" असं सरळ विचारा.

विचारल्याने विचार डोक्यात भरेल, ही भीती मलाही होती. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरच्या २००५ च्या चाचणीत असा प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नव्हता. ही भीती खरंच सोडा.

वृद्धांमध्ये प्रयत्नांच्या मानाने मृत्यू तरुणांपेक्षा खूप जास्त होतात. त्यामुळे 'आधी कधी प्रयत्न केला नाही' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आणि कृपा करून 'यशस्वी प्रयत्न' असं कुठेही लिहू नका.

जोखमीचा स्कोअर काढून देणाऱ्या झटपट साधनांवर माझा विश्वास नाही. पन्नास वर्षांच्या संशोधनाचा २०१७ साली आढावा घेतला, तेव्हा भाकितं नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी निघाली होती. गाईड निवडतानाही पेपर मोजू नका. जड मुलाखतीनंतर रात्री तुमचा फोन उचलेल का, तेवढं बघा. मुलाखतीनंतर झोप उडते, रडू येतं. त्यावरून आपण या कामाचे नाही असं समजू नका, मीही तिथून गेले आहे. आठवड्याला मुलाखती कमी घ्या.

फॉर्मवर हेल्पलाइनचा नंबर छापायच्या आधी तो स्वतः लावून बघा. रात्री दोनलाही.