डायव्हिंगची हिवाळी सुट्टी: वेळापत्रक परतीच्या विमानापासून उलटं मांडा

हिवाळ्यात उबदार पाण्यात डायव्हिंगला जाणारे बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट पकडतात, मग हॉटेल घेतात आणि ‘सात दिवस, रोज तीन डायव्ह’ असा हिशेब करून मोकळे होतात. हा हिशेब शेवटच्या दोन दिवसांत कोसळतो. तो का कोसळतो हे तिसऱ्या पायरीत आहे. घाई असेल तर बाकीचं सोडा, पण ती पायरी वाचा.

१. देश नको, किनारा बघा

‘डिसेंबरात थायलंड छान’ हा सल्ला अर्धवट आहे. अंदमान समुद्राच्या बाजूची सिमिलन बेटं १५ ऑक्टोबर ते १५ मे एवढाच काळ उघडी असतात आणि डिसेंबरात तिथे हंगाम रंगात असतो. नेमकं तेव्हाच पलीकडच्या आखातातल्या को ताओवर पाऊस झोडपत असतो आणि पाणी गढूळ झालेलं असतं.

मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, पाणी २७ ते ३० अंश. पण मांटा (पंखांसारखे पसरट, महाकाय मासे) बघायला हानिफारू खाडीचं नाव मनात धरून जानेवारीत गेलात, तर हात हलवत परत याल. तिथला हंगाम मे ते नोव्हेंबर, आणि तेव्हाही सिलिंडर लावून उतरायला बंदी, फक्त स्नॉर्केलिंग. जानेवारीत मांटा शोधायचे ते कंकणद्वीपांच्या पश्चिम बाजूला.

इजिप्तच्या तांबड्या समुद्राचं नाव ‘उबदार’ यादीत हमखास असतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या उत्तर भागात पाणी २१-२२ अंशांवर आलेलं असतं आणि दोन डायव्हच्या मधल्या वेळेत बोटीवर वारा सुटला की दात वाजतात. जाऊ नका असं नाही, पण ५ मिमी जाडीचा वेटसूट आणि हूड (डोकं झाकणारी टोपी) घेऊन जा. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर थंडीत ‘नोर्ते’ (उत्तरेकडचे) वारे आले की बंदर बंद होतं, तेव्हा एखादा दिवस वाया जाणार हे धरूनच चाला.

२. कार्ड, फॉर्म, विमा

ओपन वॉटर कार्डावर (डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्रावर) १८ मीटरपर्यंत उतरता येतं, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डवर ३० मीटरपर्यंत. हव्या त्या जागेची खोली आणि अनुभवाची अट आधी विचारा. इजिप्तच्या ब्रदर्स बेटांसारख्या ठिकाणी लॉगबुकात ५० डायव्ह असाव्या लागतात. वर्षभरात पाण्यात उतरला नसाल तर उजळणी घरच्या गावातल्या तलावात उरका, सुट्टीतला दिवस त्यात घालवू नका.

वैद्यकीय प्रश्नावली घरी बसून भरा. दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागू शकते, आणि ती बेटावर मिळवताना दोन दिवस जातात. प्रामाणिक उत्तर देऊन आधी सही घ्या. ‘सगळीकडे नाही लिही’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. विम्याच्या कागदात तीन गोष्टी शोधा: किती मीटरपर्यंत संरक्षण आहे, प्रेशर चेंबरचा (डायव्हिंगमुळे झालेल्या त्रासावर दाबाखाली उपचार करणाऱ्या कक्षाचा) खर्च त्यात येतो का, आणि तिथवर नेण्याचा खर्च कोण देणार.

३. तिकीट काढण्याआधी दिवस मांडा, तेही शेवटून

आधी कारण. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो लगेच निघून जात नाही, तासन्‌तास थोडा थोडा श्वासावाटे बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीएवढा नसतो. १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दाब असा घटला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. मग सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, काही न करता गळून गेल्यासारखं होतं. असं काहीही जाणवलं तर विमानात चढायचं नाही. ऑक्सिजन घ्यायचा आणि डायव्हिंगचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला गाठायचं.

आता आकडे. डीकम्प्रेशनचे थांबे (नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना मध्येच सक्तीने थांबणं) न लागलेली एकच डायव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास. दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरेच जास्त. सुट्टीवर गेलेला माणूस जवळजवळ नेहमी दुसऱ्या गटात मोडतो. ‘बारा तास पुरतात, आम्ही नेहमी तसंच करतो’ म्हणणारा एका डायव्हचा आकडा आठवडाभराच्या डायव्हना लावत असतो. शिवाय १८ च्या मागे ‘किमान’ लिहिलेलं आहे. सरळ २४ तास धरा. बोट उशिरा परतली तरी गणित बिघडत नाही, आणि तासांची मोजदादही सोपी.

कागदावर चौकटी आखा. समजा, शनिवारी दुपारी पोहोचायचं आहे आणि पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला परतीचं विमान आहे. २४ तास मागे आलात की शनिवारी सकाळचे साडेनऊ. आठला सुटणाऱ्या बोटीवरची पहिली डायव्ह संपेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते, म्हणजे शनिवार गेला. शेवटची डायव्ह शुक्रवारी. आता पुढून या: पोहोचण्याचा दिवस सामान लावण्याचा आणि झोपेचा. रविवारी चेक डायव्ह (वजन आणि साधनं तपासून बघण्याची) आणि एक सोपी. सोमवार-मंगळवार तीन-तीन, बुधवार मोकळा, गुरुवारी तीन, शुक्रवारी दोन. एकूण तेरा. ‘रोज तीन’वाल्यांनी एकवीसचं पॅकेज भरलेलं असतं, आणि उरलेल्या आठ डायव्हचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

याच चौकटीत रविवारचं विमान संध्याकाळी पाचचं करून बघा. शनिवारच्या सकाळच्या दोन्ही डायव्ह परत मिळतात, दिवस मात्र तेवढेच. म्हणून तिकीट निवडताना दराच्या रकान्याआधी परतीच्या वेळेचा रकाना बघा. पहाटेचं स्वस्त तिकीट महाग पडतं.

बुधवार मोकळा ठेवण्यावर लोक कुरकुरतात. ठेवाच. सलग डायव्हिंगने नायट्रोजन साचत जातो, कान हुळहुळे होतात, आणि चौथ्या दिवशी दमलेला माणूस सिलिंडरचा व्हॉल्व्ह न उघडता उडी मारतो. वारा सुटला किंवा नाक चोंदलं तर हाच दिवस सरकवून वापरता येतो. बुधवारचे पैसे आधी देऊ नका.

हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा या तीन ठिकाणी.

पहिलं, घड्याळ पहिल्या उड्डाणाशी लावायचं. मोठं विमान रात्री असलं तरी बेटावरून निघणारं छोटं विमान सकाळी असेल, तर वेळ त्या सकाळपासून मागे मोजायची. बेटावरून फेरीबोटीने निघायचं असेल तर ही अडचण आपोआप सुटते. अंदमानात स्वराज द्वीपहून (पूर्वीच्या हॅवलॉकहून) आदल्या दिवशी श्री विजयपुरमला (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला) येऊन मुक्काम केला की मधले तास भरून निघतात, आणि फेरी रद्द झाली तरी विमान हुकत नाही.

दुसरं, डोंगर. माऊई बेटावर सकाळी डायव्ह करून दुपारी गाडीने हालेआकालाच्या माथ्यावर जाणं म्हणजे समुद्रसपाटीवरून थेट ३०५५ मीटरवर. शरीराला ते विमानापेक्षाही वाईट. मोकळ्या शेवटच्या दिवशी डोंगर बघायचाच असेल तर २४ तास उलटून गेल्यावर.

तिसरं, नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली सिलिंडरमधली हवा. त्यात नायट्रोजन कमी असतो हे खरं, पण त्यापायी थांबण्याची वेळ कमी करायची नाही. डायव्ह कॉम्प्युटरवरचं विमानाचं चिन्ह २४ तासांआधीच गेलं, तरी आपले २४ तास पूर्ण करायचे. चिन्ह तेव्हाही दिसत असेल तर आणखी थांबायचं.

जातानाच्या विमानाला असा नियम नाही. तरी रात्रभर विमानात बसून, पाणी कमी पिऊन त्याच दुपारी उडी मारणं शहाणपणाचं नाही.

४. सर्दी

हिवाळी सहलीचा खरा शत्रू. नाक चोंदलेलं असेल तर उतरायचं नाही. नाक मोकळं करणारा फवारा मारून उतरा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला सर्वांत वाईट. त्याचा असर पाण्याखालीच ओसरला तर कानात किंवा सायनसमध्ये अडकलेली हवा वर येताना फुगते आणि तिला वाट सापडत नाही. उतरताना दुखलं तर वर येता येतं, वर येताना दुखलं तर खाली कायमचं राहता येत नाही. नाक साफ असलं तरी कान मोकळे करायला पहिल्या मीटरपासूनच सुरुवात करा, दुखण्याची वाट बघू नका. पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो.

५. सूट आणि शिसं

२७ अंशांच्या वर ३ मिमी पुरतो. लवकर थंडी वाजत असेल तर ५ मिमी घ्या. पहिल्या दिवशी बरं वाटलेलं पाणी चौथ्या दिवशी बोचतं. सूट बदलला की शिशाचं वजनही बदलतं, मागच्या सहलीतला आकडा उपयोगाचा नाही. चेक डायव्हला बीसीडी (तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) पूर्ण रिकामं करून, नेहमीएवढा श्वास धरून पृष्ठभागावर उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. हे भरलेल्या सिलिंडरने केलं असेल तर वर २ किलो घाला, कारण नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ५० बारपर्यंत रिकामा होताना साधारण तेवढा हलका होतो. हे २ किलो विसरणारा शेवटच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या खबरदारीच्या थांब्याला) पाच मीटरवर टिकत नाही, बुचासारखा वर येतो.

६. सामान

मास्क, कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) हातातल्या पिशवीत. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून, टोकांवर चिकटपट्टी लावून, त्याही हातातच. फिन्स आणि सूट मोठ्या बॅगेत. रेग्युलेटर डिन जोडणीचा (सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आटे फिरवून बसणारा) असेल तर अडॅप्टर घ्या.

शेवटची डायव्ह झाली की त्याच संध्याकाळी सगळं गोड्या पाण्यात बुडवा. त्याआधी रेग्युलेटरची टोपी कोरडी करून घट्ट बसवा, आणि पाण्यात असताना पर्ज बटण (तोंडाकडच्या भागावरचं, हवा सोडणारं) दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत (सिलिंडरला जोडायच्या भागापर्यंत) जातं. बीसीडीच्या आतही गोडं पाणी घालून खळबळवून काढा. मग सगळं सावलीत टांगा. ओला वेटसूट बॅगेत दोन-तीन किलो जास्त भरतो. तुमच्याकडे वाळवायला पूर्ण शनिवार आहे.