चारुकेशी पियानोवर: ‘सा’ हातातून निसटत असेल तर

सोलापुरात हार्मोनियमवर भजनं वाजवून पियानोकडे वळलेल्यांना चारुकेशी रागाचे स्वर लगेच सापडतात: पांढरी एकचा सा धरला, तर सी, डी, ई, एफ, जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट. खाली शुद्ध गंधाराचा गोडवा, वर कोमल धैवत-निषादाची हुरहूर. खरी अडचण पुढे येते. डाव्या हाताने सी मेजर कॉर्डनंतर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) एफ मायनर वाजवला की कान एफलाच घर मानतो आणि राग हरवतो. कारण हेच सात स्वर एफपासून सुरू होणाऱ्या मेलडिक मायनर या पाश्चात्त्य सप्तकाच्या आरोहाचे आहेत.

माझ्या अनुभवात यावर खात्रीचा उपाय एकच: डाव्या हातात सी-जी तानपुऱ्यासारखे धरून ठेवायचे. एफ मायनर घ्याच, पण खाली बेसला सी ठेवून, आणि लगेच सी मेजरवर परता. बी फ्लॅट मेजरवरून सीवर येणंही सुरेख लागतं.

आरोहात उजव्या हाताची बोटं (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी) १-२-३, १-२-३-४-५. डाव्या हाताची ५-४-३-२-१, ३-२-१. डाव्यात जीवरच्या अंगठ्यावरून तिसरं बोट ए फ्लॅटवर जाताना तो स्वर दणकन वाजतो. म्हणून जी-ए फ्लॅट-जी एवढंच, मेट्रोनोम (ठोके देणारं लययंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून, मनगट सैल सोडून घोटत राहा.