मोजक्याच वजनांचे रेषीय कोड बांधताना या चुका टाळा

सांत क्षेत्रावर (मर्यादित घटकांच्या संख्याव्यवस्थेवर) दोन-तीनच वजनांचा कोड हवा असेल (कोडवर्डाचं वजन म्हणजे त्यातल्या शून्येतर जागांची संख्या), तर बहुतेक जण डिफाइनिंग सेटची रीत वापरतात. प^म घटकांच्या क्षेत्रातून (प अविभाज्य) डी हा संच निवडायचा, एक क्ष धरायचा आणि डी मधल्या प्रत्येक द साठी ट्रेस(क्षद) ची किंमत ओळीने लिहायची (ट्रेस म्हणजे मोठ्या क्षेत्रातून प घटकांच्या लहान क्षेत्रात नेणारं रेषीय फल). झाला कोडवर्ड. अशा रीतीत मोठी चूक लगेच कळते. त्रास देतात त्या उत्तर छान जुळवून देणाऱ्या चुका.

त्यातली सर्वांत फसवी चूक प्लेसच्या मोमेंट समीकरणांत होते. ही समीकरणं कोडची वजनं आणि त्याच्या ड्युअलची (कोडच्या प्रत्येक कोडवर्डाला लंब असलेल्या शब्दांच्या कोडची) वजनं जोडतात. प = ३, म = ३ घ्या. डी म्हणजे ट्रेस(द²) = ० असणारे सगळे शून्येतर द. लांबी ८ येते, मिती ३, आणि कॅरेक्टर सम (क्षेत्रावरच्या एकमूळांच्या बेरजा) काढल्यावर वजनं ४, ६, ८ एवढीच उरतात. आता कुठल्या वजनाचे किती कोडवर्ड? तीन अज्ञात, तीन समीकरणं. शून्येतर कोडवर्ड २६, त्यांच्या वजनांची बेरीज १४४. वजनांच्या वर्गांच्या बेरजेसाठी मात्र ड्युअल कोडमध्ये वजन २ चे किती कोडवर्ड आहेत हे लागतं. इथे ‘ड्युअलचं किमान अंतर (शून्येतर कोडवर्डांचं सर्वांत कमी वजन) ३ तरी असणारच’ असं गृहीत धरून शून्य घातलं, की वर्गांची बेरीज ८१६ येते आणि उत्तर मिळतं ६, २०, ०.

हे उत्तर दिसायला निर्दोष आहे. ऋण संख्या नाही, अपूर्णांक नाही, सगळ्या संख्या सम. वर ‘दोनच वजनांचा कोड सापडला’ असा आनंद! पण ते साफ चूक आहे. ट्रेस(द²) मध्ये द च्या जागी −द घातला तरी फरक पडत नाही, म्हणून डी मध्ये द असेल तर −द असतोच. म्हणजे ८ स्तंभांच्या (डी च्या प्रत्येक घटकाचा एक स्तंभ) ४ जोड्या, आणि प्रत्येक जोडीमुळे ड्युअलमध्ये वजन २ चे दोन कोडवर्ड, एकूण ८. ते धरले की वर्गांची बेरीज ८६४ होते आणि खरं उत्तर येतं १२, ८, ६. भूमितीनेही पडताळता येतं: ३ क्रमाच्या प्रक्षेपी प्रतलात ४ बिंदूंचा शंकुच्छेद, १३ रेषांपैकी ६ छेदिका, ४ स्पर्शिका, ३ बाहेरच्या. प्रत्येक रेषेमागे दोन कोडवर्ड.

तेव्हा समीकरणं मांडण्याआधी डी मध्ये एकमेकांच्या पटीत असलेले घटक आहेत का, ते पाहा. डी मध्ये ० राहून गेला असेल तर तोही काढा, नाहीतर एक स्तंभ कायम शून्य राहतो. प्रत्येक जोडीतला एकच घटक ठेवला तर वरचा कोड [४, ३, २] (लांबी, मिती, किमान अंतर) होतो आणि सिंगलटन मर्यादा (अंतर जास्तीत जास्त लांबी − मिती + १) गाठतो. मूळ [८, ३, ४] मात्र इष्टतम नाही. त्याच लांबी-मितीचा, अंतर ५ असलेला त्रिअंकी कोड अस्तित्वात आहे. ‘इष्टतम’ हा शब्द लिहिण्याआधी सर्वोत्तम ज्ञात कोडांचा तक्ता उघडायला काय हरकत आहे?

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे लांबी काढताना लागणाऱ्या गाउस बेरजेचं (एका खास कॅरेक्टर समचं) चिन्ह. प ला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल तर (−१)^(म−१) च्या जोडीला काल्पनिक एककाचा म वा घात येतो, आणि तोच विसरला जातो. प = ३, म = २ ला खरी बेरीज +३ आहे, त्यामुळे लांबी ४ मिळते. चिन्ह चुकलं की लांबी शून्य! गंमत म्हणजे प = ५, म = २ ला डी खरोखरच रिकामा असतो. म्हणून ‘शून्य आलं म्हणजे चुकलंच’ असा नियमही करता येत नाही. याच हिशेबात म सम की विषम हेही बघा. मोठ्या क्षेत्राचं वर्ग-कॅरेक्टर (वर्गांना १ आणि इतर शून्येतर घटकांना −१ देणारं फल) लहान क्षेत्राच्या शून्येतर घटकांवर म सम असताना सगळीकडे १ असतं, विषम असताना नाही.

मिती म आहे असं न तपासता लिहू नका. डी मूळ क्षेत्रावर संपूर्ण अवकाश व्यापत असेल तरच ते खरं. प = २, म = ४ ला ट्रेस(द²) आणि ट्रेस(द) एकच, त्यामुळे डी एका अधिप्रतलात अडकतो, क्ष = १ चा कोडवर्ड शून्य होतो आणि हाती येतो तो नेहमीचा [७, ३, ४] सिम्प्लेक्स कोड (ज्याच्या सगळ्या शून्येतर कोडवर्डांचं वजन सारखंच असतं).

गुपित-वाटपासाठी (एक गुपित अनेकांत वाटून ठेवण्यासाठी) मिनिमल कोड हवा असेल, म्हणजे ज्यात एका कोडवर्डाच्या शून्येतर जागांत त्याच्या पटीत नसलेल्या दुसऱ्या शून्येतर कोडवर्डाच्या जागा सामावत नाहीत असा, तर अशिखमिन-बार्ग अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. किमान आणि कमाल वजनाचं गुणोत्तर (क−१)/क पेक्षा मोठं असेल तर काम झालं. इथे क म्हणजे मूळ क्षेत्रातल्या घटकांची संख्या. ते तेवढं नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. आपल्या [८, ३, ४] चं गुणोत्तर १/२, हवं २/३ पेक्षा जास्त. तो मिनिमल नाहीच, पण त्याचं कारण वेगळं आहे: वजन ८ चा कोडवर्ड सगळ्या जागा व्यापतो, म्हणजे वजन ४ च्या कोडवर्डांच्या जागाही त्यातच येतात. अट मोडूनही मिनिमल राहणारे कोड चँग आणि ह्युन यांनी २०१८ मध्ये दाखवले आहेत.

सेज किंवा मॅग्मा या गणिती सॉफ्टवेअरमध्ये २७ कोडवर्ड मोजायला क्षणभर पुरतो. म ची एक सम आणि एक विषम किंमत घेऊन तेवढं करा, मगच प्रमेय लिहायला बसा.