न्यूयॉर्कमधलं आर्मेनियन चर्चचं ऑफिस बघायचंय? असं जा

ग्रँड सेंट्रलला उतरा, लेक्सिंग्टनने दक्षिणेकडे चालत ३९व्या रस्त्यावर डावीकडे वळा आणि १३८ नंबर शोधा. इथे सम नंबर दक्षिणेच्या बाजूला असतात, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघा नाहीतर मान दुखते. मरे हिलमधलं भिंतीला भिंत लागून असलेलं जुनं घर, आत ईस्टर्न प्रेलसीचा, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या पूर्व अमेरिकेतल्या धर्मप्रांताचा कारभार, जो लेबननच्या अँटिलियासमधल्या धर्मपीठाशी जोडलेला. हे ऑफिस आहे, म्युझियम नाही, त्यामुळे आधी फोन करा. ६ जानेवारी टाळाच, त्या दिवशी त्यांचा ख्रिसमस. आणि सेकंड अॅव्हेन्यूवरचं सोनेरी टोकदार घुमटाचं सेंट वार्तान कॅथेड्रल म्हणजे हेच समजू नका हां, ते एचमियाझिनवाल्यांचं, म्हणजे याच चर्चच्या आर्मेनियातल्या धर्मपीठाशी जोडलेल्या दुसऱ्या गटाचं.