क्लस्टरवर सगळ्यांसाठी लायब्रऱ्या बसवण्याआधी

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले अनेक संगणक, त्यातला प्रत्येक म्हणजे नोड; लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. आधी जागा. यूएसआर-लिब हे फोल्डर डिस्ट्रोचं (बसवलेल्या लिनक्सचं) आहे, तिथे हात घालू नका. यूएसआर-लोकल प्रत्येक नोडवर आपापलं असतं, त्यामुळे तेही नको. सगळ्या नोडना दिसणारं एनएफएसवरचं (नेटवर्कवरून वाटलेल्या डिस्कवरचं) एकच फोल्डर घ्या. डिस्क पुरेल का, बॅकअप आहे का, हे सांगायला नको.

फोल्डरच्या नावात लायब्ररी, पूर्ण आवृत्ती, कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बांधणारा) आणि एमपीआय (अनेक नोडवरच्या प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी लायब्ररी), चारही हवेत. ओपनएमपीआयवर बांधलेलं एचडीएफ५ (मोठा डेटा साठवायची लायब्ररी) एमपिच हे दुसरं एमपीआय वापरणाऱ्याच्या कामाचं नाही. जीसीसी या कंपायलरची पिढी बदलली की फोर्ट्रान भाषेच्या मोड फाइल्स (बांधताना कंपायलर लिहून ठेवतो त्या) वाचता येतीलच असंही नाही.

आता मुख्य गोष्ट. एकदा बसवलेल्या फोल्डरवर पुन्हा काही चढवायचं नाही. नवी आवृत्ती, नवं फोल्डर. मागच्या वेळी मी हेच सोडलं. शेवटचाच आकडा बदलतोय म्हणून एचडीएफ५ १.१०.४ वर १.१०.५ चढवलं. या आवृत्त्यांमधलं एचडीएफ५ सुरू होताना हेडर (प्रोग्राम बांधताना वापरलेली फाइल) आणि लायब्ररीची आवृत्ती ताडून पाहतं आणि जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच बंद पाडतं. लोकांचे आधी बांधलेले प्रोग्राम एकामागून एक पडले. आणि एचडीएफ५ निदान सांगतं तरी! इतर कित्येक लायब्रऱ्या काही न बोलता वेगळं उत्तर देतात, आणि ते कुणाच्या तरी प्रबंधात जातं. चालू जॉबखालची (क्लस्टरवर चालू असलेल्या कामाखालची) फाइल बदलली तर तो जॉबही मरू शकतो. नवं फोल्डर करा. किरकोळ दुरुस्ती असली तरी.

नुसतं ठरवून हे पाळलं जात नाही. म्हणून रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून बसवू नका, वेगळं खातं काढा. यूमास्क (नव्या फाइल्सच्या परवानग्या ठरवणारा आकडा) ०२२ ठेवा, नाहीतर इतरांना फाइल्स वाचता येतीलच असं नाही. बसवून झालं की पूर्ण फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढा, त्या खात्याचीसुद्धा. रूटला ही अडवणूक सहसा लागू होत नाही, म्हणूनच रूट नको.

मॉड्यूल म्हणजे हवी ती आवृत्ती निवडायची सोय; त्यासाठी एलमॉड घ्या. मॉड्यूल कंपायलरनुसार उतरंडीत मांडा. कंपायलर बदलला की त्यावर बांधलेल्या लायब्रऱ्या तो आपोआप बदलतो, आणि त्या कंपायलरसाठी बांधलेली नसेल ती बाजूला ठेवतो. जॉब स्क्रिप्टमध्ये पूर्ण आवृत्ती लिहायला लोकांना सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. डीफॉल्ट मनाला येईल तेव्हा बदलू नका. ज्याने आवृत्ती लिहिलेली नाही त्याच्यासाठी ते मागच्या दाराने चढवणंच आहे.

एलडी लायब्ररी पाथवर (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या सेटिंगवर) भिस्त ठेवू नका. बांधतानाच आरपाथ (प्रोग्राममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) घाला आणि एलडीडी चालवून प्रोग्राम नेमकी कुठली फाइल उचलतोय ते बघा. मार्च-नेटिव्ह (बांधणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी बांधणारा कंपायलरचा पर्याय) तर नकोच. नव्या लॉगिन नोडवर (जिथे लोक आत येतात) बांधलेलं जुन्या कंप्यूट नोडवर (जिथे जॉब चालतात) 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडू शकतं.

लायब्रऱ्या खूप असतील तर स्पॅक किंवा ईझीबिल्ड ही बांधणी करून देणारी साधनं वापरा. दोन्ही प्रत्येक बांधणीला स्वतंत्र फोल्डर देतात, स्पॅक तर नावात हॅशही (त्या बांधणीची अक्षर-आकड्यांची खूण) घालतं.

बाकीचं थोडक्यात. चाचणी साध्या खात्यातून, कंप्यूट नोडवर. बांधणीची स्क्रिप्ट जपून ठेवा. परवाने वाचा. जुनी आवृत्ती काढायची तर आधी मॉड्यूल लपवा, कुणी वापरत नाही ना ते लॉगमध्ये बघा, मगच हलवा. आणि त्या रिकाम्या झालेल्या नावाखाली नवी आवृत्ती बसवू नका.