घरी काचकाम सुरू करताय? आधी पैसा कुठे घालावा

लांब फुंकनळीने फुलदाण्या फुंकण्याचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा. वितळलेल्या काचेची भट्टी ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास दिवसरात्र धगधगत ठेवावी लागते. घरच्या बजेटचं ते काम नव्हे. टेबलावरच्या बर्नरवर काचेच्या कांड्या वितळवून मणी करण्यापासून सुरुवात करा.

बर्नर साधा असला तरी चालतो. कंजूषी करू नका ती तापमान नियंत्रक असलेल्या छोट्या विजेच्या भट्टीत. काच बाहेरून लवकर निवते, आतून उशिरा, आणि त्यातून येणारा ताण आतच राहिला तर कपाटात ठेवलेला मणीही चार दिवसांनी तडकतो. म्हणून मऊ काच (कमी तापमानाला वितळणारी) या भट्टीत साधारण ५०० ते ५२० अंशांवर काही वेळ ठेवून मग सावकाश निववायची. बोरोसिलिकेटला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या कडक काचेला, ५६५च्या आसपास.

कांड्या घेताना प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते तो आकडा, विचाराच. १०४ची मऊ काच आणि ३३ची बोरोसिलिकेट एकमेकींना जोडली की तडा ठरलेला. फुकटात मिळालेल्या बाटल्यांचे तुकडेही त्यात मिसळू नका.

मऊ काचेसाठी डिडिमियमचा चष्मा हवा, कारण ज्योतीतला सोडियमचा पिवळा झगमगाट तो अडवतो. उन्हाचा गॉगल इथे कुचकामी. कपडे सुतीच.

राहिला गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो; त्यामुळे वरच्या खिडकीइतकाच खालचा झरोका महत्त्वाचा. स्वयंपाकाचा अनुदानित सिलिंडर यासाठी वापरायचा नाही, व्यावसायिकच घ्या.