पाळणा लांबवायचाय? मग दवाखान्यात जायच्या आधी घरी बसून हे ठरवा

परवा नणंदेच्या सुनेने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "मामी, दिवस राहू नयेत म्हणून सगळ्यात चांगलं कुठलं असतं हो?" बाळ चार महिन्यांचं, बाहेर सासूबाई टीव्ही बघतायत. मी म्हटलं अगं सगळ्यात चांगलं असं काही नसतंच, तुझी तब्येत नि तुझं घर बघून ठरतं ते. तिला सांगितलं तेच इथे टाईप करतेय. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं आणि एक तांबी (म्हंजे कॉपर टी) एवढा अनुभव, बाकीचं डॉक्टरीणबाईंचं डोकं खाऊन मिळवलेलं.

आधी नवऱ्याला बसवा आणि पुढचं मूल कधी हवंय, की नकोच, ते बोलून घ्या. वर्षभरातच हवं असेल तर अंतरा इंजेक्शनच्या मागे लागू नका, ते दर ३ महिन्यांनी घ्यायचं असतं पण बंद केल्यावर दिवस राहायला ७ ते १० महिनेही लागू शकतात. तीन-चार वर्षं नकोय? मग तांबी. सरकारी दवाखान्यात एक ५ वर्षांची असते एक १० वर्षांची, आणि मध्येच काढून घेता येते, १० वर्षं अडकलात असं काही नाही.

मग तब्येत. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले ६ महिने माला-एन (रोज घ्यायची हॉर्मोनची गोळी) नको, छाया ही गोळी चालते कारण तिच्यात हॉर्मोन नसतात (लखनौच्या सरकारी लॅबमध्ये शोधलेली आहे ती). बीपी असेल, कधी पायात वगैरे रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल किंवा टीबीची औषधं चालू असतील तर माला-एन घ्यायच्या आधी हे डॉक्टरांना सांगायचंच, न विचारता सांगायचं. पाळीत आधीच खूप जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर तांबीने अजून जास्त जाऊ शकतं, माझे पहिले चार महिने तसेच गेले, नंतर कमी झालं.

आता खरी गोष्ट, घर. पुस्तकात हे नसतं पण आपल्या बायका निम्म्या वेळा इथेच अडतात. एकत्र कुटुंबात रोजच्या गोळ्यांचं पाकीट ठेवायचं कुठे? अंतराला घरात पाकीट नाही, म्हणून बऱ्याच जणींना ते बरं वाटतं, पण त्याने मधूनच डाग लागतात, कधी पाळी येतच नाही. आणि ज्या घरात अजून पाळी पाळतात, देवाला शिवायचं नाही वगैरे, तिथे दर आठ दिवसांनी डाग लागले की अख्ख्या घराला हिशोब द्यावा लागतो, किंवा पाळी आली नाही की सासूबाई पेढे मागवायच्या तयारीत! तेव्हा घर असं असेल तर आधीच विचार करा. किंवा सासूबाईंना सरळ सांगून टाका, आमच्या आईंना मी सांगितलं तर त्याच म्हणाल्या, मला तर कोणी विचारलंच नव्हतं.

मूल अजिबात नकोय तर ऑपरेशन, आणि ते बायकोनेच करायचं असं कुठे लिहिलंय? २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशभरात ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३. खरं तर पुरुषांचं बिनटाक्याचं असतं, पंधरा-वीस मिनिटांत होतं. फक्त त्यानंतर ३ महिने कंडोम वापरायचा आणि वीर्याची तपासणी करून घ्यायची, तोवर भरवसा नाही. (कंडोमवरून आठवलं, संबंधांतून लागणाऱ्या इन्फेक्शनपासून वाचवणारं तेवढं एकच, बाकी कशानेच ते होत नाही.) मेडिकलवरची, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी अडीअडचणीची, जितकी लवकर घ्याल तितकी बरी, दर महिन्याची सवय नको.

अजून एक. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात. मला एका दवाखान्यात ऐन कळांमध्ये विचारलं, लावायची ना? तेव्हा कोण विचार करणार, मी हो म्हटलं. म्हणून सातव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठरवून ठेवा. आशा दीदीला विचारा, नाहीतर आमच्या इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथे हे सगळं फुकट मिळतं.

नणंदेच्या सुनेने शेवटी डॉक्टरांना विचारून छाया घेतली. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम, आणि सातेक दिवस उलटून गेले असतील तर पहिल्यापासून सुरुवात. तिचे वार बुधवार-रविवार, रविवारचं तिने पोह्यांवर बांधलंय, नवरा पोहे-जलेबी घेऊन आला की आधी गोळी मग जलेबी. बुधवारी मी फोन करते.